रास्पबेरी पाय घरी पडून आहे, घरच्या वायफायवर त्याचा खरंच काही उपयोग होतो का?

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला रास्पबेरी पाय 4 (तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर) कपाटात पडून आहे, लातूरला घरी फायबर आलंय, आणि पुण्यात बसून घरच्या फाईली बघता येतील का, असं तुम्ही विचारलंय. उपयोग होतो, चांगला होतो. फक्त त्याला मॉनिटर जोडून कॉम्प्युटर म्हणून वापरायला जाऊ नका, ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की तो रेंगाळतो आणि माणूस वैतागून परत कपाटात ठेवतो. त्याला असं काम द्या जे चोवीस तास चालू पाहिजे पण त्यासाठी पीसी चालू ठेवणं परवडत नाही. पाय 4 नुसता चालू असला तर साधारण 3 वॅट घेतो, काम करताना थोडं जास्त, म्हणजे महिन्याला 3 युनिटच्या आसपास. 60 वॅट खाणारा जुना पीसी तसाच ठेवला तर महिन्याचे 43 युनिट होतात.

मी परभणीत असाच एक पाय राउटरशेजारी लावून वापरायलोय, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडं आधी लाईटचा बंदोबस्त करायचा, सॉफ्टवेअर नंतर. लाईट जाते, येते, परत जाते, आणि पायच्या मेमरी कार्डावर काही लिहिणं चालू असताना लाईट गेली की फाईल सिस्टीम खराब होऊन पाय बूटच होत नाही. इन्व्हर्टरवर घेतला तर उत्तम. नसेल तर राउटरसाठी जे छोटे यूपीएस मिळतात त्यातल्या काहींना 5 व्होल्टचं आउटपुट असतं, पण पाय 4 ला 3 अँपिअरचा ॲडॅप्टर सांगितलेला आहे, त्यामुळं घेण्याआधी अँपिअर वाचून घ्या, कमी पडलं तर स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं आणि तो स्लो होतो. जमलं तर कार्डाऐवजी यूएसबीला एसएसडी (आत फिरणारे भाग नसलेली डिस्क) लावून त्यावरूनच बूट करा, पाय 4 ला ते जमतं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, पाय 4 मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही (पाय 5 मध्ये आहे, बॅटरी तेवढी वेगळी घ्यावी लागते). लाईट आल्यावर इंटरनेट येईपर्यंत त्याची वेळ चुकलेली असते आणि वेळेवर चालणारी कामं गडबडतात, त्यावर डीएस3231 नावाचं स्वस्त मॉड्यूल मिळतं ते लावून टाका. उन्हाळ्याचंही बघा, मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारू नका, आणि चिप 80 अंशांवर गेली की पाय स्वतःचा वेग कमी करतो. ॲल्युमिनियमची केस घ्या, पंख्याची गरज पडत नाही आणि धूळही ओढली जात नाही.

आता पहिलं काम, पाय-होल, म्हणजे सगळ्या घराच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस (साईटचा पत्ता सांगणारा) म्हणून पाय टाकायचा. घरातला कुठलाही फोन एखाद्या साईटचा पत्ता विचारतो तो पायला विचारतो, आणि पत्ता जाहिरातवाल्याचा असला की पाय तो देतच नाही. त्यामुळं आईच्या फोनमध्ये, टीव्हीत, सगळीकडं एकदम फरक पडतो, प्रत्येक फोनमध्ये काही टाकावं लागत नाही. यूट्यूबच्या जाहिराती मात्र यानं जात नाहीत, त्या व्हिडिओच्याच पत्त्यांवरून येतात. लावूनही जाहिराती दिसल्या तर दोन गोष्टी तपासा: राउटर आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) वरून स्वतःचा डीएनएस वाटतोय का, आणि फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस कुणी सेट केलाय का. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये डीएनएस बदलायला कुलूप असतं, तिथं राउटरचं डीएचसीपी (घरातल्या फोनना ही सेटिंग वाटणारी सोय) बंद करून पाय-होलचं चालू करायचं. आणि पाय बंद पडला तर घरात नेटच बंद पडल्यासारखं होतं, म्हणून राउटरची जुनी सेटिंग परत कशी करायची हे घरातल्या एकाला तरी शिकवून ठेवा.

पण मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटतं ते नळाचं काम. मराठवाड्यात बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही, कधी मध्यरात्री येतं कधी पहाटे, आणि घरातल्या बाईमाणसाला वाट बघत जागं राहावं लागतं. हौदात नळाची धार जिथं पडते तिथं एक प्लॅस्टिकचा डबा अडकवा, तळाला बारीक छिद्र पाडा, आत फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगला की लागणारा) बसवा. धार पडली की डबा भरतो, स्विच लागतो, धार थांबली की छिद्रातून पाणी निघून जातं आणि स्विच सुटतो. स्विचच्या दोन वायरी पायच्या एका जीपीआयओ पिनला (बाहेरच्या वस्तू जोडायची पिन) आणि ग्राउंडला जोडायच्या, पिनचा पुल-अप (स्विच सुटलेला असताना पिनला व्होल्टेजवर धरून ठेवणारी सोय) चालू करायचा, आणि दहा-पंधरा ओळींच्या पायथनमध्ये टेलिग्रामवर मेसेज जातो की नळ आला. लांब वायरीत उगाच खोटे सिग्नल येतात म्हणून स्विच काही सेकंद सलग लागलेला असेल तरच मेसेज पाठवा, आणि नेट नसलं तर म्हणून एक बझरही जोडा. पिना 3.3 व्होल्टच्या आहेत, त्यांना 5 व्होल्ट लावू नका. आणि मोटारीच्या स्टार्टरला हात घालायचा असेल तर वायरमनला सोबत घेतल्याशिवाय अजिबात नको, 230 व्होल्टाचा खेळ आहे तो.

घरात शाळेतली पोरं असतील तर किविक्स (नेटशिवाय साईट वाचायचं सॉफ्टवेअर) टाका. आख्खा मराठी विकिपीडिया त्यात उतरवून ठेवता येतो, नेट गेलं तरी वायफायवरून वाचता येतो, आणि फेट या साईटवरचे विज्ञानाचे प्रयोगही त्यात मिळतात. इंग्रजी विकिपीडिया फोटोंसकट 100 जीबीच्या आसपास जातो, त्यासाठी एसएसडी पाहिजेच. प्रिंटर वायफायवर आणायचा असेल तर कप्स नावाचं प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर आहे, पण काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर फक्त इंटेलच्या पीसीसाठी निघालेत, ते पायवर चालत नाहीत, आधी मॉडेल नंबर शोधून बघा.

फाईलींचं म्हणाल तर सांबा या सॉफ्टवेअरनं एक फोल्डर घरच्या नेटवर्कवर शेअर करा, सातबारा, फेरफार, पीकविम्याच्या पावत्या, सगळं स्कॅन करून त्यात. आईवडलांच्या फोनमधले फोटो सिंकथिंग या ॲपनं आपोआप येतात, फक्त पायवर फाईल व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपून ठेवणं) चालू ठेवा, नाहीतर फोनमधून चुकून डिलीट झालेला फोटो इकडूनही जातो. फिरती हार्डडिस्क लावणार असाल तर चारही यूएसबी पोर्ट मिळून 1.2 अँपिअरच देतात हे लक्षात घ्या, स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब लागेल.

आणि पुण्यातून बघायचं तर टेलस्केल टाका, ते लांबलांबची मशीनं इंटरनेटवरून एका खासगी नेटवर्कमध्ये जोडतं. घरच्या बऱ्याच कनेक्शनला स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून पोचता येणारा इंटरनेटचा पत्ता) मिळत नाही, एकाच आयपीमागं खूप घरं असतात, त्यामुळं पोर्ट फॉरवर्ड करून (राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडून) काही उपयोग होत नाही आणि जिथं होतो तिथं सगळ्या जगाला दार उघडं राहतं. टेलस्केल पायवर आणि तुमच्या लॅपटॉपवर एकाच अकाउंटनं लॉगिन केलं की घरचं फोल्डर पुण्यात तसंच उघडतं. टेलस्केलच्या साईटवर पायसाठी 'की एक्स्पायरी' बंद करून ठेवा, नाहीतर काही महिन्यांनी तो आपोआप लॉगआउट होतो आणि परत जोडायला लातूरला जावं लागतं.