जर्मनीला निघालीस, तर एवढं ऐक

परवा गंगापूर रोडला मिसळ खाताना तू विचारलंस, "ताई, तिथे माझं कोणी होईल का गं?" होईल. वेळ लागतो, त्याचा दोष स्वतःला देऊ नकोस.

घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी कर, नाहीतर पुढची कामं अडतात. रविवारी दुकानं बंद. भाजी-दूध शनिवारीच आणून ठेव.

खरा प्रश्न मैत्रीचा. आपल्याकडे शेजारीण वाटी घेऊन थेट दारात येते, तिथे आधी वेळ ठरवून भेटतात. मला तो तुटकपणा वाटला, खूप रडले. मग गावातल्या 'फेराइन'मध्ये, म्हणजे हौशी मंडळात, बॅडमिंटनला जायला लागले. दर मंगळवारी तीच माणसं, तोच हॉल. चार महिन्यांनी एकीनं घरी जेवायला बोलावलं. ती आजही माझी जिवलग आहे. म्हणून एकच ठिकाण धर आणि जात राहा. जर्मन 'फोल्क्सहोखशूल'मध्ये, म्हणजे मोठ्यांसाठीच्या शिक्षण केंद्रात, शीक, वर्गातले सगळे तुझ्यासारखेच नवखे असतात. मराठी माणसं भेटतील, पण फक्त त्यांच्यातच राहू नकोस.

आईला उन्हाळ्यात तिथल्या पाचला फोन कर, नाशिकला साडेआठ वाजलेले असतात. हिवाळ्यात मात्र चारलाच.