सोलर लावलं तरी सिमेंटचा कार्बन काहून सुटते?

प्रश्न: भाऊ, आमच्या कोरपना तालुक्यात सिमेंटच्या फॅक्टऱ्या आहेत. एकीनं सोलर लावलं, म्हणते आता कार्बन कमी झाला. पण पऱ्हाटीवर धूळ तशीच बसते. मंग हे खरं आहे का नुसता देखावा?

उत्तर: दादा, धूळ अन् कार्बन या दोन गोष्टी आहेत हे आधी लक्षात घ्या. धुळीचं काम फिल्टरचं, त्याची तक्रार प्रदूषण मंडळाकडेच करा, अन् फोटो काढून ठेवा. कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही.

आता सोलर. त्यानं विजेपुरता फरक पडते, पण सिमेंटचा खरा घोळ चुनखडीतच आहे बाप्पा. भट्टीत साधारण १४५० डिग्रीपर्यंत तापवतात, अन् शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच निघून जाते, मग खाली कोळसा जाळा नाहीतर तुराट्या. म्हणून निम्म्याहून जास्त कार्बन इंधनाचा नसतेच.

मंग उपाय? क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेला तो भाजका माल, कमी वापरायचा. पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्याच्या बॅगेत क्लिंकरच्या जागी १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख असते, अन् राखेची चंद्रपुरात कमी नाही, थर्मल तिथंच आहे. दुसरं म्हणजे एलसी-३ नावाचं सिमेंट: यात भाजलेली चिकणमाती अन् कच्ची चुनखडी टाकून क्लिंकर जवळपास निम्म्यावर आणतात, माती ८०० डिग्रीच्या आसपास भाजली तरी चालते. त्याचं भारतीय मानक २०२३ मध्ये आलं.

तेव्हा फॅक्टरीवाल्याले सोलर नका विचारू, क्लिंकर किती टक्के टाकता ते विचारा.