रास्पबेरी पाय आणि हॅम रेडिओ: बोर्ड कुठला ते नंतर बघ, आधी ऑडिओ आणि पॉवर

तुझा प्रश्न नीट वाचला. हॅम म्हणजे हौशी रेडिओचं व्हीयू३ कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळणारं ओळखनाव) नुकतंच मिळालंय, शिकतोस गोव्यात फर्मागुडीला, घर फोंड्याला, हाताशी एक चायनीज हँडी (हातात धरायचा वायरलेस सेट) आणि एक आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा, फक्त ऐकणारा रेडिओ) आहे, आणि आता रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड घेऊन एकाच डब्यात एपीआरएस (ठिकाण आणि छोटे निरोप डेटा पॅकेटांतून पाठवणं), एफटी८ (कमजोर सिग्नलवरही चालणारा डिजिटल संपर्क) आणि सॅटेलाइटची चित्रं घेणं सगळं बसवायचंय. वर हेही विचारलंयस की बोर्डच्या जीपीआयओ पिनला (बाहेरची सर्किटं जोडायच्या पिना) नुसती वायर लावून ट्रान्समिट होतं म्हणतात, ते करू का.

पाय ५ वर आत्ता पैसे घालू नकोस. एपीआरएससाठी डायरवुल्फ (आवाजातून पॅकेटं वाचणारं सॉफ्टवेअर) चालवायचं तर रास्पबेरीचाच छोटा बोर्ड झीरो २ डब्ल्यू भरपूर झाला, १२०० बॉडचं म्हणजे संथ डेटाचं काम ते, १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन टोन ओळखायचे, त्याला कितीसा प्रोसेसर लागतो. एफटी८चं सॉफ्टवेअर डब्ल्यूएसजेटी-एक्स स्क्रीनसकट वापरायचं असेल तर पाय ४ बरा, आणि कॉलेजात कुणाकडे जुना ३ पडून असेल तर तो आधी मागून घे. एका डब्यात सगळं कोंबू नकोस, एक डबा एक काम असंच ठेव, कारण एपीआरएस चोवीस तास चालू लागतं, सॅटेलाइट डोक्यावर असतो दहा-पंधरा मिनिटं, आणि एफटी८ला तर वेगळा एचएफ रिग (लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हचा रेडिओ सेट) लागतो, मग एका अपडेटमध्ये काही बिघडलं की तिन्ही एकदम बंद.

सॉफ्टवेअर तयार आहे, फुकट आहे, सोर्स उघडून वाचता येतो, आणि लिहिणारी माणसं कोण आहेत बघ, डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या मागे जोसेफ (जो) टेलर हे शास्त्रज्ञ आहेत, १९९३चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले. त्यामुळे तुझा वेळ जाणार तो तारांमध्ये, विशेषतः रेडिओ आणि बोर्ड यांच्यामधल्या ऑडिओत. रास्पबेरीला माइक इनपुटच नाही, म्हणून सीएम१०८ चिपवालं साधं यूएसबी साउंड कार्ड घे. हँडीचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा ठेव, आवाज मध्यम ठेव, आणि डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटबरोबर ऑडिओ लेव्हल दाखवतं ती ५०च्या आसपास येईपर्यंत अल्सामिक्सर या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये खालीवर कर, तिथलं ऑटो गेन कंट्रोल (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करायला विसरू नकोस. ट्रान्समिटच्या बाजूला उलटा त्रास असतो. साउंड कार्डचं आउटपुट हँडीच्या माइकला फार मोठं पडतं, माइक इनपुट मिलिव्होल्टमधलं असतं, त्यामुळे मध्ये व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर किंवा छोटा प्रीसेट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) टाकायलाच हवा, नाहीतर डेव्हिएशन (आवाजाने फ्रिक्वेन्सी सरकते ते प्रमाण) इतकं वाढतं की ऐकायला सिग्नल फुल आणि समोरच्याकडे एकही पॅकेट डीकोड होत नाही. पीटीटीला (ट्रान्समिट चालू करायचं बटण) व्हॉक्सवर, म्हणजे आवाज आला की आपोआप ट्रान्समिट सुरू करणाऱ्या सोयीवर, विसंबू नकोस, तो उशिरा उघडतो आणि पॅकेट संपल्यावरही ट्रान्समिट धरून बसतो. पीटीटी बोर्डच्या जीपीआयओ पिनने दाब, पण ती पिन ३.३ व्होल्टची, तिच्यावर ५ व्होल्ट आलं तर बोर्ड गेला, म्हणून मध्ये स्विच म्हणून एक एनपीएन ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारी चिप) लाव. सोल्डरिंग टाळायचं असेल तर एआयओसी नावाची ओपन सोर्स केबल आहे, साउंड कार्ड आणि पीटीटी दोन्ही तिच्यात येतं, पण तू शिकतोयस तर एकदा हाताने कर असं मी म्हणेन.

आता पॉवर, आणि इथे आपल्याकडची लाइट मध्ये येते. पावसात माडाची झावळी तारेवर पडली की लाइट गेली, परत आली, परत गेली, आणि त्यात एसडी कार्डची फाइलसिस्टम खराब होते. सगळं सेट झालं की रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या मेनूतून ओव्हरले फाइलसिस्टम चालू कर, मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही आणि अचानक बंद पडलं तरी फिकीर नाही. चार्जर मोबाइलचा नको, पाय ४ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा स्वतःचा ॲडॉप्टर हवा. व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की बोर्ड तशी नोंद ठेवतो, व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड ही कमांड देऊन बघ, शून्य आला पाहिजे. आणि स्वस्त चार्जर एचएफवर इतका नॉइज टाकतात की ४० मीटरच्या बँडवर कमजोर स्टेशनं त्यात बुडून जातात. रिग बॅटरीवर चालव, बोर्ड एकदा चालू एकदा बंद कर आणि एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) बघ, फरक दिसला तर आधी ॲडॉप्टर बदल, मग केबलींवर फेराइट (नॉइज अडवणारी कडी) चढव.

एफटी८मध्ये पाठवायच्या-ऐकायच्या पाळ्या (स्लॉट) १५ सेकंदांच्या, घड्याळ एखाद-दोन सेकंदांहून जास्त सरकलं की डीकोड बंद. घरी नेट आहे तोवर वेळ तिथून मिळते, काळजी नाही, पण चोर्ला घाटात किंवा सत्तरीत आत कुठे रेंज नसेल तिथे नेलास तर जुन्या बोर्डांना स्वतःचं घड्याळच नसतं, तेव्हा डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल किंवा यूएसबी जीपीएस लाव. पाय ५मध्ये घड्याळ आहे, पण त्याचा सेल वेगळा जोडावा लागतो.

सॅटेलाइटसाठी जुने व्हिडिओ बघून नोआ या अमेरिकेच्या हवामान उपग्रहांच्या मागे लागू नकोस, नोआ १५, १८ आणि १९ तिन्ही २०२५मध्ये बंद केले. रशियाचे हवामान उपग्रह मेटिऑर एम२-३ आणि एम२-४ बघ, १३७.९ मेगाहर्ट्झ, सॅटडंप हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर चित्र काढून देतं. अँटेना व्ही-डायपोल (इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन नळ्या), प्रत्येक बाजू साधारण ५३ सेंटीमीटर, मधला कोन १२० अंश, अगदी ॲल्युमिनियमच्या नळ्या चालतात. कौलांचं घर असेल तर माळ्यावर ठेवून बघ, कौलांतून सिग्नल बऱ्यापैकी येतो, पत्रे असतील तर मात्र बाहेर काढावीच लागेल. जवळ एफएम स्टेशन असेल तर डोंगलच्या आधी एफएम नॉच फिल्टर (तेवढा एफएमचा पट्टा अडवणारा) हवा. बोर्ड घरातच ठेव, बाहेर फक्त अँटेना, आपल्या खाऱ्या दमट हवेत कनेक्टर बघता बघता हिरवे पडतात, सेल्फ-ॲमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून पाणी अडवणारी) गुंडाळ. आणि मे अखेरीस गडगडायला लागलं की कोॲक्स (अँटेनाची केबल) काढून भिंतीपासून लांब ठेवायची, अरेस्टर (वीज अडवणारं साधन) लावलाय म्हणून राहू द्यायची नाही.

जीपीआयओला वायर लावून ट्रान्समिट करू नकोस. पिनमधून चौकोनी लाट निघते, ७ मेगाहर्ट्झ पाठवलेस तर २१, ३५, ४९ वरही जाणार. त्याने दुसऱ्यांच्या रेडिओत अडथळा येतो, तुझ्या लायसन्सवर तुझं नाव आहे आणि गोव्यात दोन विमानतळ आहेत. त्या बँडचा लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावून डब्ल्यूएसपीआर (अगदी कमी पॉवरचा चाचणी सिग्नल पाठवणं) करायचं असेल तर ती चांगली गोष्ट आहे, दहाएक मिलिवॉटमध्ये सिग्नल किती लांब पोचतो ते बघायला खरंच मजा येते. पुढे एचएफ रिग घ्यायची वेळ आली की हैदराबादच्या अशहर फरहान यांचा एसबिटेक्स हा एचएफ सेट बघ, त्याच्या आत रास्पबेरी पाय ४ बसवलेला आहे, सर्किट आणि सी मधला कोड दोन्ही उघडे, आपल्याच देशात असं काही बनतंय याचा मला मनापासून आनंद होतो.

या शनिवारी एवढंच कर. डोंगलचं आउटपुट आरटीएल_एफएम या प्रोग्राममधून डायरवुल्फला दे, १४५.८२५ मेगाहर्ट्झवर लाव आणि आयएसएस (आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक) डोक्यावरून उंच जाईल ती वेळ बघून गच्चीवर जा, त्यांचा डिजिपीटर (पॅकेटं ऐकून परत पाठवणारं यंत्र) चालू असला तर पॅकेटं स्क्रीनवर दिसतील. मग ऑडिओ लेव्हलच्या ओळी आणि व्होल्टेजच्या त्या गेट_थ्रॉटल्ड कमांडचा आकडा इथे टाक, पीटीटीचं सर्किट त्यानंतर ठरवू.