गुर्ना वाचायला घेताय? मग घाई नको

नोबेलचं नाव ऐकून अब्दुलरझाक गुर्नांकडे वळला असाल, तर सुरुवात ‘बाय द सी’पासून करा. २००१ची कादंबरी. पूर्व आफ्रिकेजवळच्या झांजीबार बेटावरचा म्हातारा सालेह उमर गॅटविक विमानतळावर खोट्या नावाने उतरतो. इंग्रजी येत असून येत नाही असं सोंग घेतो, आणि अधिकारी त्याची उदाची पेटी खुशाल स्वतःकडे ठेवून घेतो. तो प्रसंग सावकाश वाचा. गुर्नांचा आवाज चढत नाही, पण अन्याय नेमका टोचतो.

मग ‘पॅराडाइज’ (१९९४). बापाच्या कर्जापायी यूसुफ व्यापाऱ्याकडे गहाण पडतो आणि त्यालाच ‘काका’ म्हणत राहतो. ही बुकरच्या अंतिम यादीत होती. ‘आफ्टरलाइव्ह्ज’ (२०२०) त्यानंतरच घ्या. त्यातल्या खलिफाचा बाप गुजराती, त्यामुळे आपल्या किनाऱ्याचं आणि पूर्व आफ्रिकेचं नातंही दिसेल.

माणसाबद्दल थोडक्यात: जन्म १९४८चा, १९६८मध्ये इंग्लंडला आले. मातृभाषा स्वाहिली, लेखन इंग्रजीत. केंट विद्यापीठातून १९८२मध्ये पीएचडी, पुढे तिथेच प्राध्यापक. पहिली कादंबरी १९८७ची, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर. नोबेल २०२१चं, निवृत्तीनंतरचं. मधली कितीतरी वर्षं वर्ग, पेपर तपासणी आणि कादंबऱ्या हे सगळं सोबतच चाललं. कादंबरीकार सलमान रश्दींवरचा समीक्षाग्रंथही त्यांनीच संपादित केला, पण तो तुम्ही सध्या बाजूलाच ठेवा. समीक्षा आधी वाचली की कादंबरीत फक्त ‘वसाहतवाद’ शोधत बसाल, आणि यूसुफ हातचा जाईल.