वाचकांचे प्रश्न : दिवसभर बोलणारे रेडिओ केंद्र

प्रश्न : ब्रिटनमधील बीबीसी रेडिओ फोर या केंद्रावर गाणी जवळजवळ नसतात आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत बोलण्याचेच कार्यक्रम चालतात, असे वाचले. एवढे बोलणे श्रोत्यांना कंटाळवाणे कसे होत नाही? तेथील दिवस कसा आखलेला असतो?

उत्तर : हे केंद्र ३० सप्टेंबर १९६७ रोजी या नावाने सुरू झाले. त्याआधी बीबीसीची ‘होम सर्व्हिस’ हेच काम करीत होती आणि तिचे कित्येक कार्यक्रम नव्या केंद्राकडे जसेच्या तसे आले. आपल्या प्रश्नाचे उत्तर, आमच्या मते, वेळापत्रकातच आहे. प्रत्येक तासाला श्रोता काय करीत असेल याचा विचार करून तेथे बोलण्याची जात बदलली जाते, आणि ती वेळ वर्षानुवर्षे शक्यतो हलवली जात नाही.

पहाटे शेतीविषयक कार्यक्रम होतो. सहा वाजता ‘टुडे’ सुरू होतो आणि सोमवार ते शुक्रवार तो नऊपर्यंत चालतो. १९५७ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात बातम्या, हवामान, खेळ आणि वृत्तपत्रांचा आढावा ठरलेल्या क्रमाने येतात. पावणेआठच्या सुमारास धर्मचिंतनाची काही मिनिटे असतात आणि आठच्या बातम्या संपल्यावर, म्हणजे आठ वाजून दहा मिनिटांच्या आसपास, दिवसाची मुख्य मुलाखत होते. मंत्री असो वा विरोधी पक्षनेता, त्याला येथे सलग प्रश्नांना तोंड द्यावे लागते. मध्ये जाहिरातीची सुटका नसते, कारण बीबीसीच्या देशांतर्गत प्रसारणाचा खर्च मुख्यतः दूरचित्रवाणीच्या परवाना शुल्कातून भागतो. केवळ रेडिओ ऐकण्यासाठी लागणारा परवाना तर १९७१ मध्येच रद्द झाला. उत्तर टाळणाऱ्या माणसाचा आवाज कसा बदलतो हे ऐकण्यासाठी चित्राची गरज लागत नाही, आणि आम्हाला तर वाटते की चित्र नसल्यामुळेच ते अधिक स्पष्ट ऐकू येते.

नऊनंतर बातम्यांची घाई संपते. गुरुवारी सकाळी ‘इन अवर टाइम’ असतो. १९९८ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमात एकच विषय घेऊन, मग तो एखादा प्राचीन तत्त्वज्ञ असो, एखादी लढाई असो वा गणितातील एखादी संकल्पना, सहसा तीन अभ्यासक निवेदकाबरोबर पाऊण तासाच्या आसपास चर्चा करतात. श्रोत्याला काही समजणार नाही असे गृहीत धरून विषय पातळ केला जात नाही. या केंद्राचा सर्वांत मोठा गुण आम्हाला हाच वाटतो. दहाच्या सुमारास ‘वूमन्स अवर’ येतो. तो १९४६ साली बीबीसीच्या ‘लाइट प्रोग्रॅम’वर सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला निवेदक पुरुष होता. आज त्यात आरोग्य, कायदा, नोकरी, मातृत्व असे विषय संकोच न करता बोलले जातात. दुपारी एक वाजता पुन्हा बातम्या, सव्वादोनला बहुतेक दिवशी श्रुतिका, पाचला बातम्यांचा ‘पीएम’, सहाच्या बातम्यांनंतर साडेसहाला विनोदी कार्यक्रम, रात्री दहाला जगाच्या घडामोडी आणि पावणेअकराच्या सुमारास पुस्तकाचे अभिवाचन, असा क्रम पुढे चालतो.

प्रश्न : ‘द आर्चर्स’ ही या केंद्रावरील मालिका सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू आहे म्हणतात. एका खेड्याच्या कथेत इतके सांगण्यासारखे काय असते?

उत्तर : ही मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकवली जाते. त्या वेळी ब्रिटनमध्ये युद्धकाळातील शिधावाटप अजून संपलेले नव्हते, अन्नधान्याचे उत्पादन वाढवायचे होते आणि नवीन शेतीपद्धती शेतकऱ्यांच्या कानी घालायच्या होत्या. म्हणून कृषी मंत्रालयाच्या सल्ल्याने अँब्रिज या काल्पनिक गावातील शेतकरी कुटुंबाची कथा रचण्यात आली. उपदेशाचा भाग पुढे मागे पडला, माणसे राहिली. २२ सप्टेंबर १९५५ रोजी बीबीसीशी स्पर्धा करणारी, जाहिरातींवर चालणारी व्यापारी दूरचित्रवाणी सुरू झाली, त्याच रात्री मालिकेतील ग्रेस आर्चर ही नवविवाहिता आगीत मरण पावली आणि दुसऱ्या दिवशी चर्चा नव्या दूरचित्रवाणीपेक्षा तिच्या मृत्यूचीच झाली.

आम्हाला मात्र अलीकडचे उदाहरण अधिक महत्त्वाचे वाटते. हेलन या पात्राला तिचा नवरा रॉब हळूहळू कसा एकटी पाडतो, तिचा स्वतःवरचा विश्वास कसा काढून घेतो, हे मालिकेने दोन वर्षांहून अधिक काळ दाखवले. रोजच्या तेरा-चौदा मिनिटांत एखादेच टोचणारे वाक्य येई. इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदारावर अशी जुलमी हुकमत गाजवणे हा डिसेंबर २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा ठरला आणि पुढच्याच एप्रिलमध्ये हेलनने रॉबवर चाकूने वार केल्याचा भाग आला. असा छळ दोन तासांच्या नाटकात सांगता आला असता, परंतु त्याचा संथपणा, म्हणजेच त्याचे खरे स्वरूप, श्रोत्याला इतके जाणवले नसते.

प्रश्न : समुद्राशी संबंध नसलेले लोकही तेथील सागरी हवामानाचा अंदाज का ऐकतात?

उत्तर : मुळात तो जीव वाचवण्यासाठी आहे. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात वेल्सच्या किनाऱ्याजवळ फुटून शेकडो माणसे गेली, त्यानंतर ब्रिटनच्या हवामान खात्याचे तेव्हाचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी तारायंत्राने बंदरांना वादळाचे इशारे पाठवण्याची व्यवस्था उभी केली. आजच्या अंदाजात ब्रिटनभोवतालच्या ३१ सागरी विभागांची नावे ठरलेल्या क्रमाने घेतली जातात. त्यांतील एका विभागाला २००२ मध्ये फिट्झरॉय यांचेच नाव देण्यात आले. मजकूर सुमारे ३५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे वारा, पाऊस, दृश्यमानता एवढेच उरते. रात्री बारा वाजून ४८ मिनिटांच्या वाचनाआधी ‘सेलिंग बाय’ ही संथ धून वाजते. ठरलेली नावे, ठरलेला क्रम आणि शांत आवाज यांमुळे किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनाही त्याची सवय लागली, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

प्रश्न : इंग्रजी ऐकण्याची फारशी सवय नसेल तर कोठून सुरुवात करावी?

उत्तर : ‘टुडे’ने करू नये, तेथील राजकारणाचे संदर्भ नवख्याला अडतात. श्रुतिकेपासून करावी, कारण ती साधारण पाऊण तासाची आणि बहुधा एका बैठकीत पूर्ण होणारी असते. बीबीसीच्या संकेतस्थळावरून हे केंद्र ब्रिटनबाहेरही ऐकता येते. सव्वादोनची श्रुतिका भारतीय वेळेनुसार हिवाळ्यात पावणेआठला आणि तेथील घड्याळे तासभर पुढे केलेली असतात त्या काळात पावणेसातला लागते.