रात्री फोन, सकाळी घाटी

प्रिय पोरा,

तुझा मेसेज मिळाला. रात्री दोन वाजता पाठवलेला, म्हणजे झोपेचं विचारायलाच नको. ‘बटन’, म्हणजे नशेसाठी झोपेच्या गोळ्या, घेतो हे स्पष्ट लिहिलंस ते बरं केलंस. बाकीचे ‘जरा टेन्शन आहे’ एवढ्यावरच थांबतात.

तुझ्या त्या टेलिग्राम ग्रुपवर कुणी ‘आजपासून एकदम बंद कर’ म्हणत असेल तर ऐकू नको. नायट्राझेपामसारख्या गोळ्या रोज घेणाऱ्यानं अचानक थांबवल्या तर झोप उडते, हात कापतात, फिटसुद्धा येऊ शकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तरी तसंच होतं. दोन-तीन दिवसांत माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि घरचे ‘बाहेरचं झालंय’ म्हणून भलतीकडे नेतात. मात्रा हळूहळू उतरवायची असते, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

ग्रुपच सोड असं मी म्हणत नाही. आपल्या गावात मेडिकलवाला काकांच्या ओळखीचा आणि शेजारीण आत्याच्या. तिथं मन कुठं मोकळं करायचं? पण जो डोस सांगतो, पैसे मागतो किंवा डॉक्टर सोडायला लावतो, त्याला ब्लॉक कर. नार्कोटिक्स अनॉनिमस हा नशा सोडणाऱ्यांचा आपसातला गट, त्याच्या बैठका ऑनलाइनही होतात. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. पहिल्या बैठकीत नुसतं ऐकलंस तरी चालतं.

रात्री जीव घाबरला तर 14416 लाव. ही टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठी 2022 पासून सुरू असलेली सरकारी फोनसेवा. मोफत, चोवीस तास, मराठीतही. नशेबद्दलच विचारायचं असेल तर 14446. मरणाचे विचार मनात आले तर मात्र नुसत्या फोनवर थांबू नको. रूममेटला उठव, त्याला सोबत घे आणि घाटीचा, म्हणजे तुमच्या सरकारी रुग्णालयाचा, अपघात विभाग गाठ.

फोनवरचा माणूस धीर देईल, वाट सांगेल. पण समोर बसून तपासणारं कुणीतरी हवंच. तू संभाजीनगरात आहेस, म्हणजे घाटीची मानसोपचार ओपीडी जवळच आहे. सुटीत गावी आलास तर जिल्हा रुग्णालयात जा, तिथंही मानसिक आरोग्याची सोय असते. घरी कळेल ही भीती असेल तर हे ऐक: तू सज्ञान आहेस, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुला दिलाय.

जाता जाता तुझ्या दादांचं. भिंतीवर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ असं वाचून तुझी आई मला त्या पुडीबद्दल विचारत होती. तिला निक्षून सांग, चहात काहीही मिसळायचं नाही. डायसल्फिरामसारखं दारू सोडवायचं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ते औषध पिणाऱ्याला सांगून, तपासून, त्याच्या मर्जीनंच देतात. दादा इतक्यात तयार होतील असं मला वाटत नाही. पण अल-अनॉन हा गट पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच आहे, तिथं आई एकटीसुद्धा जाऊ शकते.

सोमवारी सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते. गोळ्यांची रिकामी पट्टी बरोबर ने आणि रोज किती घेतोस तो आकडा खरा सांग. कमी सांगितलास तर औषधाचा हिशोबच चुकेल. रांगेत कंटाळलास तर मला फोन कर.

तुझी,
मावशी