फुटव्याचा कांदा घरच्या वाफ्यात बियापासून होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: एक लावला की जमिनीत आठ-दहा होणारा, दर वर्षी नवं बी न घेता चालत राहणारा कांदा परदेशी व्हिडिओंत दाखवतात, तसा सांगलीत घरामागच्या दोन-तीन वाफ्यांत होईल का? लावायला गड्डे मिळाले नाहीत, बी मिळतंय, ते घ्यावं का?

होतो. मी कोरेगावला (जि. सातारा) सहा वर्षं करते आहे. पण पैसे देण्याआधी ते बी कुठल्या मुलखाचं आहे ते विचारा, कारण माझं पहिलं वर्ष तिथंच वाया गेलं.

मीही परदेशी जातीचं पाकीट मागवलं होतं. रोप छान उगवलं, पात गुडघ्याला लागली, पण मे संपत आला तरी माना पडेनात (कांदा तयार झाला की पात मानेपाशी मोडून आडवी पडते). उपटून बघितलं तर खाली नुसती जाड मान, गड्डा नाहीच. नंतर पावसात सगळं सडलं. पाणी किंवा खत कमी पडलं असं मला तेव्हा वाटत होतं. खरं कारण दिवसाची लांबी. कांदा कधी पोसायला लागायचं ते दिवस किती तासांचा आहे त्यावरून ठरवतो. थंड देशांतल्या बऱ्याच जातींना चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. आपण सतरा अंशांच्या आसपास राहतो, जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या पुढे जात नाही. त्या बियाला कितीही जपलं तरी ते इथं गड्डा धरणार नाही.

आपल्या उपयोगाचा तो दक्षिणेकडचा बारका कांदा, दुकानात ज्याला सांबारचा कांदा म्हणतात तो. युरोपातला शॅलट आणि हा एकाच गोतातले, आणि आपला नेहमीचा कांदाही त्याच प्रजातीचा. तामिळनाडूत तो बहुतेक गड्ड्यांपासूनच लावतात, हेक्टरी एक ते दीड टन गड्डे मातीत घालावे लागतात. कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली को-५ ही जात मात्र मोकळेपणानं फुलते आणि बी धरते. बीच घ्यायचं असेल तर ही जात मागा. बी याच वर्षीचं हवं. कांद्याच्या बियाची उगवण फार लवकर जाते, वर्ष उलटलेलं पाकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

आता, बाजारातले गड्डे आणून लावले तरी कांदा होतोच, मग बियाची खटपट कशाला? मी दुसऱ्या वर्षी तेच केलं. अर्धा किलो सांबारचे कांदे आणून लावले, झकास आले. पण त्याच गड्ड्यांतून पुढची लागण करत गेले तेव्हा दोन वर्षांत पातीवर पिवळे पट्टे दिसायला लागले, पात मुडपायला लागली, गड्डे बारीक होत गेले. गड्ड्यातून गड्डा लावत राहिलं की विषाणू पिढी दर पिढी सोबत येतात. बियातून त्यातले बहुतेक पुढे जात नाहीत, म्हणून बियाचं रोप स्वच्छ सुरुवात देतं. आणि गड्ड्यातून तोच कांदा परत मिळतो, बियातून मात्र प्रत्येक रोप वेगळं निघतं. निवड करायची संधी फक्त बी देतं.

त्या हिवाळ्यात थंडी बरी पडली आणि काही झाडांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे आले. एरवी आपण डेंगळे मोडून टाकतो, कारण तो कांदा टिकत नाही. मी त्यातल्या पाच निरोगी झाडांचे ठेवले. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर दोन-तीन दिवसांनी तयार होतं, त्यामुळे मधमाश्या दुसरीकडून जे आणतील ते लागतं. आमच्या शेजारच्या रानात बियाण्यासाठी लाल कांदा लावलेला होता, तो याच्याशी सहज मिसळला असता. म्हणून गोंड्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या आणि रोज सकाळी पिशवी काढून एका गोंड्यावरून दुसऱ्यावर तळहात फिरवला. पंधरा दिवस हे एवढंच काम. एप्रिलअखेर गोंड्यात थोडी बोंडं फुटून काळं बी दिसलं की दांड्यासकट कापायचं, कागदावर सावलीत वाळवायचं, चोळून पाखडायचं आणि बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं.

रोप दसरा-दिवाळीच्या दरम्यान टाका. सांगलीची तुमची काळी जमीन पाणी धरते, सपाट वाफ्यात रोपं बुडाशी सडतात, तेव्हा वीतभर उंच गादीवाफाच करा. चाळलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. बी ओळीत, अर्धा सेंटीमीटर मातीआड, विरळ. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बिया असतात, घरापुरतं एक ग्रॅम पुष्कळ झालं. आठ-दहा दिवसांत उगवतं. सहा-सात आठवड्यांनी, पेन्सिलीपेक्षा जरा बारीक झालं की लागण करा, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. नेहमीच्या कांद्यापेक्षा हे जास्त आहे, पण याला बाजूला पसरायला जागा लागते. फेब्रुवारीत ऊन चढलं की फुलकिडे येतात, पात चंदेरी दिसायला लागते. मी निंबोळी अर्क मारते, तेवढ्यावर भागतं. माना पडायला लागल्या की पाणी तोडा.

पहिल्या वर्षी नाउमेद होऊ नका. त्या घरच्या बियाच्या माझ्या साठ रोपांत निम्मी एकेरीच निघाली, काहींचे दोन-तीन झाले आणि फक्त सात झाडांखाली सहाच्या वर गड्डे होते. एकेरी आणि जोड कांदे आम्ही खाऊन टाकले. त्या सातांना लाल दोरा बांधून वेगळं ठेवलं आणि पुढच्या वर्षी तेवढेच लावले. आता माझ्याकडे जो कांदा आहे तो त्यातल्या दोन झाडांचा. एकाला डेंगळे जवळजवळ येत नाहीत, दुसरा आषाढ-श्रावणातही मऊ पडत नाही.

आणि 'बारमाही' म्हणून तो जमिनीत सोडून देऊ नका, हे मला कळकळीनं सांगायचंय. थंड देशांत तो वाफ्यातच वर्षानुवर्षं राहू शकतो. माण-खटाव किंवा जतसारख्या कोरड्या भागात एखाद्या वर्षी निभावेलही. पण कृष्णाकाठच्या मातीत पावसाळा काढताना तो कुजतोच. आपल्याकडे त्याचं वर्ष असं: एप्रिलमध्ये काढणी, पातीसकट सावलीत वाळवून पेंढ्या बांधायच्या, वारा लागेल अशा जागी आढ्याला टांगायच्या, पंधरा दिवसांनी चाचपून मऊ पडलेले काढून टाकायचे आणि दसऱ्यानंतर परत मातीत. चांगले गड्डे सगळेच स्वयंपाकाला नेऊन लावायला उरलेसुरले बारके ठेवू नका. मधल्या आकाराचे, घट्ट मानेचे निवडा, गड्ड्याचा शेंडा मातीच्या वर जरासा दिसू द्या, आणि एक-दोन झाडं दर वर्षी बियासाठी राखून ठेवा.